बार्शी लाइट : कापूस, वारकरी आणि पाणी वाहणारी वाट

12 एप्रिल 2016 च्या पहाटे लातूर स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. आदल्या दिवशी मिरजेत कृष्णेचे पाणी भरून निघालेली ही ‘जलदूत’ गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आली होती. लातूरचा दुष्काळ तेव्हा असा होता की पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. साहजिकच त्या पहाटे सगळ्यांचे डोळे पाण्याकडे होते. ते पाणी ज्या रुळांवरून आले त्या रुळांची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

मिरज ते लातूर हा मार्ग म्हणजेच एकेकाळची बार्शी लाइट रेल्वे. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातल्या विहिरीवर पाणी प्यावे आणि पुन्हा धावत जाऊन तीच गाडी पकडावी, असे किस्से सोलापूर-उस्मानाबादच्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकवले ती हीच गाडी. या थट्टेमुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. भारतात स्वस्त आणि हलका लोहमार्ग कसा बांधावा याचा वस्तुपाठ म्हणून अभियंत्यांच्या जगात एकेकाळी जी नावे घेतली जात, त्यांत बार्शीचे नाव अग्रभागी होते.

मूळ अडचण साधी होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने (जीआयपी) मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे मुख्य मार्ग नेला, तो 1860 च्या सुमारास सोलापुरास पोहोचला. कापसाची मोठी पेठ असलेले, भगवंताच्या मंदिरामुळे दूरवर ठाऊक असलेले बार्शी गाव या मार्गापासून सुमारे 35 किलोमीटर बाजूला राहिले. मुख्य मार्गावरील जवळच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव देऊन कंपनी मोकळी झाली. हेच आजचे कुर्डुवाडी. बार्शीचा आणि त्यामागच्या निजामी मुलखातला माल बैलगाड्यांनी बार्शी रोडपर्यंत यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या त्या वाटेचे काय होत असेल हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

हा तुटलेला दुवा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या डोळ्यांत भरला. तो 1882 मध्ये जीआयपीच्या नोकरीत इंजिन निरीक्षक म्हणून भारतात आला होता. मुख्य मार्गाला मिळणाऱ्या छोट्या, स्वस्त उपमार्गांशिवाय मोठ्या रेल्वेला पुरेसा माल मिळणार नाही आणि शेतकऱ्याला बाजारही मिळणार नाही, असे त्याचे ठाम मत होते. परंतु सरकारी संमती, भांडवल आणि करार यांत वर्षानुवर्षे गेली. अखेर 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी लंडनमध्ये झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतमंत्र्याशी करार झाला. किमान बारा महिन्यांची आगाऊ सूचना देऊन सरकार ही रेल्वे विकत घेऊ शकेल, असे एक कलम त्या करारात होते. त्या कलमाकडे पुढे यावेच लागेल.

कॅलथ्रॉपने दोन रुळांमधील अंतर ठेवले अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर साडेपाच फूट असते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अरुंद मार्ग त्याच्या आधीही होते. त्याचे वेगळेपण वजनाच्या हिशेबात होते. लोहमार्गाचा खर्च मुख्यतः रूळ किती जड लागतात यावर ठरतो आणि रुळाचा जडपणा ठरतो तो गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर एका आसावर किती भार पडतो त्यावर. कॅलथ्रॉपने हा भार पाच टनांवर बांधून टाकला आणि इंजिन असो, डबा असो की वाघीण, सर्वांना तोच नियम लावला. वजन अनेक आसांवर वाटले गेले की यार्डाला अवघ्या 30 पौंड वजनाचे रूळ पुरतात आणि त्यावरून भरपूर मालही वाहता येतो. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने आठ जोडचाके आणि मागे चार आधारचाके असलेली इंजिने बांधली. डबे व वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांवर उभ्या केल्या गेल्या. वाघिणींचे सांगाडे 25 फुटांचे, एकाच मापाचे, म्हणजे दुरुस्तीही सोपी. हे सारे जहाजावर चढवण्यापूर्वी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीपुरता मार्ग टाकून निमंत्रित अभियंत्यांसमोर गाड्या चालवून दाखवल्या. 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही वाहतूक सुरू झाली. बार्शीच्या स्थानकाच्या नावात ‘टाऊन’ आले ते या दोन ‘बार्शीं’मधला घोळ टाळण्यासाठी.

या कॅलथ्रॉपची पुढची कथाही विलक्षण आहे. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेची उभारणी त्याने बार्शीच्याच अनुभवावर केली. नंतर तो विमानांकडे वळला. मित्र चार्ल्स रोल्स 1910 मध्ये विमान अपघातात मरण पावल्यानंतर त्याने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. 1927 मध्ये त्याचे निधन झाले. बार्शीचा मार्ग मिरजेला जाऊन पूर्ण झाला तेही हेच वर्ष.

मार्ग पूर्ण व्हायला अशी तीस वर्षे लागली. 1906 मध्ये कुर्डुवाडीहून रूळ पंढरपूरकडे गेले आणि या छोट्या रेल्वेचा चेहराच बदलला. तोवर ती व्यापाऱ्यांची गाडी होती. आता ती वारकऱ्यांची झाली. मुंबई, पुणे, सोलापूरकडून येणारा भाविक कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि छोट्या गाडीत बसायचा. आषाढी-कार्तिकीला डबे अपुरे पडून टपावर बसलेल्या माणसांनी गाडी झाकून गेलेली असे. पायी वारी करणाऱ्यांनाही परतीच्या वाटेवर तिचाच आधार होता. पूर्वेकडे बार्शीहून पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड असे करत बालाघाटाची चढण ओलांडून रूळ 1911 मध्ये लातूरला पोहोचले. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातले, उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. तिथल्या धान्याला, कडधान्याला आणि कापसाला रेल्वेने थेट मुंबईची बाजारपेठ उघडून दिली. आज लातूरच्या आडतबाजारातील तुरीच्या भावाकडे राज्याचे लक्ष असते, त्या बाजारपेठेच्या वाढीत या अडीच फुटी रुळांचा वाटा मोठा आहे. शेवटी पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातून मार्ग मिरजेला भिडला. एकूण लांबी 202 मैल, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर.

स्वस्त मार्गाची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागत होती. कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. मिरजेला गेले तर तिथे मीटरगेज. पुढे 1970 च्या दशकात मिरजेपर्यंत ब्रॉडगेजही आले आणि एकाच जंक्शनवर तिन्ही मापांचे रूळ दिसू लागले. रेल्वेप्रेमींना त्याचे अप्रूप होते. हमालांना त्यात रोजगार होता. व्यापाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी हमाली, नासधूस आणि उशीर. रस्ते सुधारले, ट्रक आले आणि मालवाहतूक रेल्वेकडून निसटू लागली त्यामागे हे कारण होतेच.

गाडी चालू, नोकरी संपली

आता ते कलम. देशातील बहुतेक मोठ्या रेल्वे सरकारच्या ताब्यात आल्या तरी बार्शी लाइट लंडनच्याच कंपनीकडे होती. डिसेंबर 1952 मध्ये सरकारने खरेदीची सूचना दिली आणि 1 जानेवारी 1954 पासून ही रेल्वे सरकारी झाली. प्रवाशांच्या दृष्टीने काहीच बदलले नाही: तीच गाडी, तेच वेळापत्रक. कामगारांच्या दृष्टीने मात्र 31 डिसेंबर 1953 रोजी त्यांची कंपनीतील सेवा समाप्त झाली होती. कंपनीने नोव्हेंबरमध्येच तशी नोटीस बजावली होती. सरकारकडे नव्याने नोकरी करायची इच्छा असलेल्यांना सरकार आपल्या अटींवर घेईल, असे त्यात म्हटले होते. बहुतेकांना सरकारने घेतलेही.

प्रश्न होता मागच्या सेवेचा. ऑक्टोबर 1953 मध्येच औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन कपात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची तरतूद झाली होती. वर्षानुवर्षे राबल्यानंतर कंपनीने सेवा संपवली, मग ही कपात नव्हे तर काय, असा कामगारांचा साधा सवाल होता. माढ्याच्या न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. उच्च न्यायालयाचा कौल कामगारांच्या बाजूने लागला तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 27 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे म्हणजे कपात. मालकाने उद्योगच बंद केला किंवा दुसऱ्याच्या हवाली केला तर ती कपात नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला.

या निकालाने देशभरातील कामगार धास्तावले. हस्तांतराचे किंवा बंदचे कारण पुढे करून कोणताही मालक भरपाई टाळू शकला असता. 1957 मध्ये केंद्र सरकारला आधी अध्यादेश आणि नंतर कायदा करून ‘25 एफएफ’ व ‘25 एफएफएफ’ ही कलमे सुधारावी व घालावी लागली. उद्योगाचे हस्तांतर वा बंद झाल्यास भरपाईचा हक्क त्यांनी मान्य केला. पुढील अनेक दशके देशातील बंद गिरण्यांच्या कामगारांनी ज्या कलमांचा आधार घेतला, त्यांचे मूळ कुर्डुवाडीच्या यार्डात आहे. मात्र ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली ती 28 नोव्हेंबर 1956 पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाइटचे कामगार तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

रुंदीकरणाची दीर्घ वाट

सरकारी झाल्यावर बार्शी लाइट मध्य रेल्वेचा भाग बनली. कुर्डुवाडीच्या कार्यशाळेने जुनी इंजिने आणि डबे दीर्घकाळ चालते ठेवले. उत्तरकाळात डिझेल इंजिने आली. 1990 च्या दशकात मिरज-लातूर मार्गाच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. ते एका दमात झाले नाही, आणि हीच त्या भागाची खरी तक्रार होती. कुर्डुवाडी-पंढरपूर हा टप्पा 2000 च्या दशकाच्या आरंभी रुंद झाला. त्यामुळे पंढरपूर-मिरज ही अरुंद गाडी मधल्यामध्ये एकटी पडली. पूर्वेकडे लातूर-उस्मानाबाद टप्पा सप्टेंबर 2007 मध्ये, तर उस्मानाबाद-कुर्डुवाडी ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू झाला. पंढरपूर-मिरज रुळांवर मोठी गाडी धावायला त्यापुढेही काही काळ जावा लागला.

या कामात एक जुनी चूकही दुरुस्त झाली. मूळ मार्ग येडशीवरून जात असल्याने उस्मानाबाद (आता धाराशिव) हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही रेल्वेविना होते. नवा मार्ग वळसा घेऊन शहराजवळून नेण्यात आला. पलीकडे लातूर ते लातूर रोड हा जोडमार्ग झाल्याने लातूर हे शेवटचे स्थानक न राहता परळी, परभणी, बीदरकडे जाणाऱ्या वाटेवरचे स्थानक झाले. या पट्ट्याच्या दृष्टीने रुंदीकरणाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच असेल.

जलदूत गाडीच्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत स्वच्छ करून मिरजेला आणल्या होत्या. रुळांची रुंदी जुनीच असती तर त्या मिरजेच्या पुढे एक हातही सरकल्या नसत्या. पहिल्या काही खेपांनंतर 50 वाघिणींची, म्हणजे एका वेळी 25 लाख लिटरची गाडी येऊ लागली आणि पावसाळ्यापर्यंत हा क्रम चालला. हजार-दोन हजार लिटरच्या हिशेबात जगणाऱ्या शहराला त्या गाडीने तगवले. तगवले एवढेच, लातूरच्या पाण्याचा प्रश्न रेल्वेने सुटणारा नव्हता.

आज या मार्गावर मुंबईहून लातूर आणि बीदरकडे जाणाऱ्या गाड्या धावतात. कोल्हापूर-नागपूर एक्स्प्रेस तर मिरजेपासून लातूरपर्यंत बार्शी लाइटची जवळजवळ सारी वाट तुडवते. आषाढीला पंढरपूरसाठी विशेष गाड्या सुटतात. कुर्डुवाडीला गाडी बदलण्याची सक्ती मात्र उरलेली नाही. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला असून डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर 2020 मध्ये तिथून बाहेर पडला. फेब्रुवारी 2023 मध्ये मध्य रेल्वेने आपल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यात सर्वांत शेवटी वीज पोहोचली ती औसा रोड ते लातूर रोड या 52 किलोमीटरच्या टप्प्यावर.