उणे चिन्हाचा इतिहास

‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की, देशाच्या काही भागांत माणसे कमी होत आहेत हे सांगूनही चटकन पटत नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी. त्याच काळात रत्नागिरीची मात्र ४.८ आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. एकाच कोकणपट्टीतले हे आकडे आहेत.

केरळची वाढ मंदावली त्याचे श्रेय प्रामुख्याने घटत्या जन्मदराला दिले जाते. जन्मदर कोकणातही उतरला. पण तेवढ्याने या उणे चिन्हाचा उलगडा होत नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. डोंगराळ जमीन, पावसावरचे भाताचे पीक आणि खोतीचा भार यांनी गांजलेल्या रत्नागिरीला १८५०नंतर मुंबईच्या कापडगिरण्यांनी हाक दिली. कर्ते पुरुष गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे मागे राहिली. २०११ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या; राज्यात ९२९. चाकरमानी हातपाय थकल्यावर गावी परतत असे. म्हणजे तारुण्य मुंबईने वापरले आणि वार्धक्य कोकणाने सांभाळले. १९८२च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, तरी गावाकडचा ओघ उलटला नाही. पुढे माणसामागून बिऱ्हाडेही गेली.

या रितेपणाची किंमत केवळ बंद घरांत मोजून चालणार नाही. २००१च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा सातांवरून पाचांवर आल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ उरले नाहीत. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूरही इतिहासजमा झाला. तोवर प्रत्यक्ष घट नोंदली गेली नव्हती. इतरांहून मंद वाढणे एवढेच पुरले.

लोकसभेच्या पुनर्रचनेत आपला आवाज क्षीण होईल, ही भीती दक्षिणेतील राज्ये गेली काही वर्षे बोलून दाखवत आहेत. कोकणाने हा अनुभव आधीच घेतला आहे. डोकी मोजून प्रतिनिधित्व देणे लोकशाहीला धरूनच आहे. पण ज्या प्रदेशाने आपली डोकी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भरभराटीसाठी धाडली, त्याचे माप केवळ उरलेल्यांवरून घ्यावे काय, हा प्रश्न जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही.