कुंपण

आमच्या माणदेशात घराला कुंपण कशाचं घालायचं, हे ऐपतीपेक्षा शिवारात काय उगवतं यावर ठरायचं. बोरी-बाभळी उदंड. सुगी उरकली की त्यांच्या फांद्या तोडायच्या आणि बेचक्याच्या काठीनं दाबत परसाभोवती रचायच्या. हे फेसाटीचं कुंपण. खर्च काही नाही, अंगावर ओरखडे तेवढे. पण वर्षभरात काटा वाळून मोडायचा, बुडाला वाळवी लागायची आणि पुढच्या सुगीला तेच काम पुन्हा. ज्याच्याकडं दगड आणि माणूसबळ, त्याची पौळ. ती पिढ्यान्‌पिढ्या टिके, पण फटीत विंचू राहात आणि शेळी उडी मारून आत येई.

आजीच्या लहानपणी फड्या निवडुंगाचंही कुंपण असे. एक फड टोचला की झालं. पाणी नको, राखण नको. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. इथं आलं आणि कुंपण सोडून शेतात शिरलं. 'कुंपणच शेत खातं' म्हणतात, ते अक्षरशः झालं. शेवटी 1926 साली लंकेतून दक्षिण भारतात एक किडा आणला गेला, त्यानं काही वर्षांत रानंच्या रानं साफ केली.

याच काट्यांचं एक सरकारी कुंपणही या देशात होतं. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीच्या बाजूपर्यंत जकातीची रेषा आखली होती. ती आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरावरून जायची. लांबी 2300 मैलांच्या वर, राखणीला सुमारे 12 हजार माणसं. बऱ्याच भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून तिचं जिवंत कुंपण केलेलं. पुढं काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब तेव्हा या खात्याचे आयुक्त होते. कुंपण वाढवण्यात त्यांचा मोठा हात. 1879 साली ती रेषा मोडली. मिठावरचा कर मात्र राहिला.

काटेरी तार त्याच काळातली. अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं 1874 साली तिचं पेटंट घेतलं. आमच्या गावात ती पोचायला पुढं बरीच वर्षं लागली.

आमच्या घरात तारेचा विषय निघाला तो वाटणीनंतर. आण्णा आणि तात्या वेगळे झाले, परसाचे दोन भाग झाले. तात्या म्हणाले, "दगडी खांब रोवून तार वढू. एकदाच काय तो खर्च." आजी म्हणाली, "तार नगं बाबांनो. फेसाटीच घाला. दरसाल दोघांनी मिळून घालावी लागंल."

आजी होती तोवर तसंच चाललं. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ सुगीनंतर दोन बाजूंना उभे राहायचे. एकानं फांदी धरायची, दुसऱ्यानं दाबायची. "जरा अल्याड घे", "काटा बघ" एवढंच बोलणं. पण त्यातच कुणाचं दुखणं, पोरीचं स्थळ, विहिरीचं पाणी हेही निघायचं.

आजी गेली आणि तार आली. चांगली, ताठ, गंज न लागणारी. त्यानंतर दोघांना एकत्र उभं राहायचं कारणच उरलं नाही. पुढं तात्यांनी अंथरूण धरलं, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. दोन घरांत अंतर वीस पावलांचं.

आता गावात नवी घरं होतात. पोरं विचारतात, कुंपण कशाचं करू? मी सांगतो, रस्त्याच्या बाजूला भिंत बांधा, रानाच्या बाजूला तार ओढा. डुकरं, मोकाट गुरं यांना तेच बरं. शेर लावणार असाल तर चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पण भावकीच्या बाजूला मेंदी लावा. ती दरसाल छाटावी लागते, आणि दोन्ही बाजूंनी छाटावी लागते.