स्वतःच्या कामाचा रोजमेळ

नोकरदाराच्या दिवसाला अनेक टेकू असतात. सकाळची ठरलेली लोकल, हजेरीची वेळ, साहेबांची बैठक, डब्याची सुट्टी आणि महिनाअखेरचा पगार. यांपैकी एकही गोष्ट त्याने स्वतः उभी केलेली नसते. तरीही त्याच्या कामाला शिस्त लागते ती बहुतांशी यांच्यामुळेच. नोकरी सोडून घरून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळते. वेळ हाताशी असतो, कामही असते, आणि तरीही संध्याकाळी दिवस कोठे गेला याचा हिशेब लागत नाही. मग दोष आळसाला दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा आळसाचा संबंध नसतो. टेकू निघालेले असतात आणि त्यांच्या जागी दुसरे बसवलेले नसतात, एवढेच.

भाषांतरकार, मुद्रितशोधक, लेखापाल, चित्रकार, संगणक प्रणाली लिहिणारे, शिकवण्या घेणारे अशा अनेकांचा हा अनुभव आहे. त्यांतील भाषांतराचे काम उदाहरणादाखल घेणे सोयीचे ठरेल. कारण त्यात काम शब्दांत मोजता येते आणि वेळेचा हिशेब लपत नाही.

समजा, घरून काम करणाऱ्या एका भाषांतरकर्तीकडे १२ हजार शब्दांचा कायदेविषयक मजकूर आला. तासाला ३०० शब्द हा तिचा वेग. दिवसाला सात तास धरले तर सुमारे दोन हजार शब्द होतात, म्हणजे सहा दिवसांत काम पूर्ण व्हावे. ती ग्राहकाला सहा दिवसांची मुदत देते आणि येथेच चुकते. त्या सात तासांत चार ई-मेलची उत्तरे असतात, जुन्या कामाच्या दुरुस्त्या असतात, नव्या ग्राहकाशी दराची बोलणी असतात, थकलेल्या बिलासाठी केलेला दूरध्वनी असतो. प्रत्यक्ष भाषांतराला साडेचार-पावणेपाच तास उरतात. त्यांत दिवसाला १४०० शब्द होतात, म्हणजे कामाला नऊ दिवस लागतात. शिवाय पुन्हा एकदा वाचून घेण्यास एक दिवस. सहा दिवसांचे काम दहाव्या दिवशी हातावेगळे होते. ग्राहक नाराज होतो आणि रात्री जागून केलेल्या शेवटच्या पानांत चुका राहतात, त्या वेगळ्याच.

मुदत कोणी घालायची?

‘स्वतःच स्वतःला मुदत घालून घ्या’ हा सल्ला या बाबतीत सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टनब्रोख या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुद्रितशोधनाचेच काम दिले होते. तीन मजकूर आणि तीन आठवडे. एका गटाला दर आठवड्यास एक मजकूर देण्याचे बंधन होते, दुसऱ्या गटाने आपल्या मुदती आपणच ठरवायच्या होत्या, तर तिसऱ्याला सर्व काम अखेरच्या दिवशी एकदम देण्याची मुभा होती. सर्वांत अधिक चुका शोधल्या त्या बंधन असलेल्या गटाने आणि सर्वांत कमी मोकळीक असलेल्याने. स्वतः मुदती ठरवणारे मधोमध राहिले. गमतीचा भाग असा की, काम सर्वांत कंटाळवाणे वाटले तेही पहिल्याच गटाला.

याचा अर्थ, आपणच घातलेली मुदत कोरी पाटी ठेवण्यापेक्षा बरी, परंतु दुसऱ्याने घातलेल्या मुदतीची सर तिला येत नाही. तेव्हा घरून काम करणाऱ्याने ती दुसऱ्याकडून उसनी आणावी. १२ हजार शब्दांचे काम एकदम देण्याऐवजी दर तीन दिवसांनी चार हजार शब्द पाठवण्याचे ग्राहकालाच कबूल करावे. ग्राहकालाही मजकूर आधी पाहता येतो आणि एखादी परिभाषा त्याला नको असेल, तर ते पहिल्या चार हजारांतच समजते. असा ग्राहक नसेल तर त्याच व्यवसायातील एखाद्या स्नेह्याशी दर सोमवारी सकाळी दहा मिनिटे बोलून आठवड्याचे काम सांगावे आणि शनिवारी किती झाले ते कळवावे. सांगितलेले काम झाले नाही हे दुसऱ्याला कळवण्याचा संकोच, मनातल्या मनात केलेल्या निश्चयापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दारावरची घंटा

घरून काम करणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण त्याचे घर हीच असते. गॅसचा सिलिंडर, कुरियर, सोसायटीची वर्गणी, शेजाऱ्यांची किल्ली, शाळेची रिक्षा चुकलेले मूल. ‘घरीच तर आहेस ना’ या एका वाक्यात ही सारी कामे येऊन बसतात. स्त्रियांच्या वाट्याला ती अधिक येतात. नोकरी करणाऱ्या सुनेला दुपारी दोन वाजता कोणी बँकेत पाठवत नाही. घरी संगणकावर बसलेल्या सुनेला मात्र सहज पाठवले जाते. यावर घरातील माणसांशी एकदा स्पष्ट बोलण्याला पर्याय नाही. तथापि ‘मला त्रास देऊ नका’ असे मोघम सांगून भागत नाही. ‘सकाळी साडेनऊ ते साडेबारा मी कामावर आहे, त्यानंतर सांगा’ असे सांगितले तर ते पाळले जाते, कारण त्यात इतरांनाही त्यांची वेळ मिळते. स्वतंत्र खोली नसलेल्या घरात भिंतीकडे तोंड केलेले टेबल आणि ठरलेले तास, एवढ्यावरही काम होते.

अशा एका व्यत्ययाची किंमत दोन मिनिटे नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयांत बसून केलेल्या निरीक्षणांत असे आढळले, की तुटलेल्या कामाकडे परत येण्यास माणसांना सरासरी वीसहून अधिक मिनिटे लागतात. कारण मधल्या वेळात ती दुसरीच एक-दोन कामे हाती घेतात. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलेला मुद्दा याला पूरक आहे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तरी मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्यांच्याच नंतरच्या संशोधनात यावर सापडलेला उपाय साधा आहे. उठण्यापूर्वी आपण कोठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, हे दोन ओळींत लिहून ठेवावे. ‘कलम १४ पर्यंत झाले, “नुकसानभरपाई”चा शब्द कलम ३ शी ताडून पाहणे’ एवढी चिठ्ठी असली, तर दारावरून परत आल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून चाळावे लागत नाही.

फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून २५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. ‘पोमोदोरो’ या नावाने ती जगभर परिचित आहे. सुरुवातच होत नसेल तेव्हा ती कामी येते. परंतु भाषांतरात ओघ लागल्यावर २५ व्या मिनिटाला उठणे हा स्वतःच ओढवून घेतलेला व्यत्यय होय. तशा वेळी ५० मिनिटे किंवा एक कलम संपेपर्यंत बसणे बरे. या पद्धतींसाठी असलेल्या मोबाइल ॲपबद्दल एवढेच म्हणता येईल, की त्यांतील चांगले कोणते हे शोधण्यात एक आठवडा सहज जातो.

वही हवीच

व्यापारी पेढ्यांत रोजमेळ ही वही असे. दिवसभराची जमा आणि खर्च तीत येई, आणि शिल्लक जुळल्याखेरीज दिवाणजी घरी जात नसत. स्वतंत्र काम करणाऱ्याला पैशाच्या रोजमेळाइतकीच वेळेच्या रोजमेळाची गरज असते. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करीत पहाटे लिहीत असे. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, हा त्याचा शिरस्ता. रोज किती पाने झाली याची तो आखलेल्या वहीत नोंद ठेवी, म्हणजे रिकामा गेलेला दिवस त्याच्या डोळ्यांसमोर राही. पीटर ड्रकर यांनीही १९६७ मधील आपल्या पुस्तकात वेळेचे नियोजन करण्यापूर्वी तो प्रत्यक्षात कोठे जातो याची नोंद करण्यास सांगितले. आठवणीवर विसंबलेला अंदाज चुकतो, हे त्यामागचे कारण.

साधी शंभर पानी वही पुरते. चार रकाने आखावेत: वेळ, काम, कोणत्या ग्राहकासाठी, आणि त्याचे पैसे मिळणार की नाही. दोन आठवडे प्रामाणिकपणे भरली, तर चौथा रकाना बहुतेकांना धक्का देतो. वर्षाचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. ३६५ दिवसांतून ५२ रविवार, २० दिवस सणवार व लग्नकार्ये आणि १५ दिवस आजारपण व प्रवास वजा केले, तर २७८ दिवस उरतात. रोजचे सात तास धरून १९४६ तास. त्यांतील एक तृतीयांश बोलणी, बिले, वसुली यांत गेले, तर मोबदला देणारे तास उरतात सुमारे १३००. वर्षाला सहा लाख रुपये घरी यावेत आणि संगणक, इंटरनेट, वीज, आरोग्यविमा यांसाठी १ लाख २० हजार लागावेत, अशी अपेक्षा असेल, तर तासाला सुमारे ५५४ रुपये पडायला हवेत. तासाला ३०० शब्दांच्या वेगाने शब्दाला १ रुपया ८५ पैसे झाले. नोकरीच्या सवयीने ३०० दिवस आणि आठ तास धरून सहा लाखांना भागणारा माणूस मात्र तासाला २५० रुपये, म्हणजे शब्दाला ८३ पैसे मागतो. मग तूट भरून काढण्यासाठी तो रात्री बसतो आणि आपले लक्ष लागत नाही अशी तक्रार करतो. अनेकांच्या विस्कळीतपणाचे मूळ येथे, दरात असते, घड्याळात नसते.

रोजमेळावरून खतावणी करावी तशी प्रत्येक ग्राहकाच्या नावाने एक पान ठेवावे. काम दिल्याची तारीख, बिलाची तारीख, रक्कम आणि ती जमा झाल्याची तारीख. काम पाठवले त्याच दिवशी बिल पाठवणे हा नियम पाळणारे फार थोडे. ‘महिनाअखेर सगळी एकदम करू’ म्हणून ठेवलेली बिले पुढच्या महिन्यात जातात आणि मुलाच्या शाळेची फी भरायच्या आठवड्यात येणे ५० हजार, पण खात्यात चार हजार अशी स्थिती येते. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असून, नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. प्रत्यक्षात लहान माणूस ग्राहक तुटेल या भीतीने तक्रार करीत नाही. तरीही बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली, तर कंपनीच्या लेखा विभागात ते बिल गठ्ठ्याच्या तळाशी जात नाही. मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ही प्राप्तिकरातील तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाल्यामुळे मार्चमध्ये तर हे विशेषच जाणवते.

वर्षाच्या काही तारखा नववर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागताच लाल शाईने नोंदवाव्यात. उद्गम करकपात वजा जाता वर्षाचा प्राप्तिकर १० हजार रुपये वा अधिक होत असेल, तर आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या दिवसांपर्यंत भरावे लागतात. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाचा व्यवसाय कर वर्षाला २५०० रुपये असून तो ३० जूनपर्यंत भरायचा असतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. ग्राहकाकडून आलेल्या प्रत्येक रकमेतील ठरावीक हिस्सा, समजा १५ टक्के, त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकला, तर १५ मार्चला धावपळ होत नाही. हे पैसे आपले नाहीत असे समजणे कठीण असते. म्हणूनच खाते वेगळे हवे.

या साऱ्या कामांना आठवड्यात ठरलेली जागा नसेल, तर ती रोज थोडी थोडी डोकावत राहतात आणि सकाळचे चांगले तास खातात. शुक्रवारी दुपारी जेवणानंतरचा दीड तास त्यांच्यासाठी ठेवणे सोयीचे पडते. रोजमेळ व खतावणी ताडायची, राहिलेली बिले पाठवायची, थकलेल्यांना आठवण द्यायची आणि पुढच्या आठवड्यात किती शब्दांचे काम घेतले आहे याची बेरीज करायची. बेरीज सात हजारांवर गेलेली असेल, तर त्याच दुपारी एखाद्या ग्राहकाला मुदत वाढवून मागता येते. हाच निरोप बुधवारी रात्री पाठवला, तर तो सबब ठरतो.

सुट्टीचेही तसेच आहे. गणपतीत पाच दिवस काम बंद राहणार असेल, तर ते नेहमीच्या ग्राहकांना श्रावणातच कळवून ठेवावे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला ते सांगितल्याशिवायही समजते. बंगळूरु किंवा लंडनच्या ग्राहकाला मात्र समजत नाही आणि गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी त्याचा दूरध्वनी येतो.