एका मापाचा न्याय : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

वऱ्हाडच्या इतिहासांत बुलढाणें जिल्ह्याचें नांव बहुधा दोन स्थळांमुळें निघतें. एक सिंदखेड, लखुजी जाधवांचें गांव व जिजाबाईंचें जन्मस्थान. दुसरें लोणार, जेथील खाऱ्या पाण्याचें सरोवर पाहण्यास देशोदेशींचे भूस्तरशास्त्रज्ञ येत असतात. तिसरेंही एक कारण आहे; पण तें दाखविण्यास तेथें ना वाडा आहे, ना शिलालेख. तें कारण म्हणजे १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापलेलें एक लहानसें पुस्तक. त्याच्या ५०० प्रती निघाल्या होत्या व किंमत नऊ आणे होती. पुस्तकाचें नांव ‘स्त्रीपुरुषतुलना’, व तें लिहिणाऱ्या बाई बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. या पुस्तकाची योग्यता काय, व तें इतकीं वर्षें आम्हां सुशिक्षितांच्या दृष्टीआड कां राहिलें, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम काळ व स्थळ पाहूं. १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. त्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणीं कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि कचेऱ्यांबरोबर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे हे याच वर्गांतले. बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत ते हेडक्लार्क होते. सुशिक्षित एतद्देशीयांना उपदेशपर असें एक इंग्रजी पुस्तक त्यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध केलें होतें. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, त्या समाजाच्या विचारांशीं या घराण्याचा निकट संबंध होता. ताराबाईंचा जन्म सुमारें १८५० चा. चार भावांच्या पाठीवर त्या एकुलत्या एक कन्या. वडिलांनीं त्यांस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें, आणि लग्न करून देतांना जांवई घरांतच आणून ठेविला. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. यापलीकडे त्यांच्या आयुष्याची हकीकत फारच थोडी उपलब्ध आहे. १९१० च्या सुमारास त्या वारल्या, इतकेंच सांगतात. आपण मराठ्याच्या घरांत कोंडून राहिलेली बाई, व हा आपला पहिलाच प्रयत्न, असें त्यांनीं आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत नम्रपणें नमूद केलें आहे.

पुस्तक लिहिण्यास निमित्त झालें तें बुलढाण्यांतलेंही नव्हे व पुण्यांतलेंही नव्हे. तें घडलें सुरतेस. १८८१ सालीं तेथें विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर, आपलें नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून, खटला झाला व तिला फांशीची शिक्षा फर्माविण्यांत आली. पुढें अपिलांत ती शिक्षा कमी होऊन हद्दपारीवर आली. या खटल्याचा गवगवा सर्व इलाखाभर झाला. वर्तमानपत्रांतून जी चर्चा चालली, तिचा रोख मात्र लवकरच त्या एका अभागिनीवरून समस्त स्त्रीजातीकडे वळला. ‘पुणेंवैभव’ पत्रानें तर या निमित्तानें अलीकडील स्त्रियांच्या स्वैर वर्तनावर तोंडसुख घेतलें. आगगाडी मलकापुरावरून गेली होती. बुलढाणें घाटावर, रुळांपासून दूर. तरी छापील मजकूर तेथवर पोंचत होता, आणि तो एका स्त्रीच्या हातीं पडत होता, ही गोष्ट लिहिणारांच्या ध्यानीं आली नसावी.

येथें त्या काळच्या समाजस्थितीचें स्मरण ठेविलें पाहिजे. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालींच मिळालेली होती. पण कायद्यानें दार उघडलें म्हणून उंबरठा ओलांडण्याचें धैर्य कोणास येतें असें नाहीं. फसलेल्या विधवेस दोनच वाटा उरत : आत्महत्या किंवा बालहत्या. हें जाणूनच जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें, आणि १८७४ सालीं अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याला यशवंत म्हणून वाढविलें. अर्थात् विजयालक्ष्मीचें दुःख ताराबाईंच्या पूर्वीं कोणासच दिसलें नव्हतें असें नाहीं. पण इतरांनीं त्या दुःखाकडे पाहून करुणा केली. बाईंनीं त्या दुःखाकडे पाहून हिशेब मागितला. त्यांच्या पुस्तकाचें वैशिष्ट्य आमच्या मतें यांतच आहे.

पुस्तकाच्या नांवाकडेच पाहा. ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ हें स्पष्ट करून दाखविणें हा आपला हेतु असल्याचें त्यांनीं मुखपृष्ठावरच सांगितलें आहे. आज ‘साहस’ शब्द आपण स्तुतीच्या अर्थानें वापरतों. जुना अर्थ तसा नव्हे. धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं, म्हणजे कज्जेखटल्यांचीं, जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ‘साहस’ हें एक पद आहे. अविचारानें व दांडगाईनें केलेलें कृत्य असा त्याचा आशय. आणि स्त्रियांचे स्वभावसिद्ध दोष मोजणारें जें एक सुभाषित पंडितांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या घोळत आलें, त्यांत असत्याच्या पाठोपाठ साहसाचाच नंबर लागतो. बाईंनीं नेमका हाच शब्द उचलला. ज्या शब्दानें स्त्रीवर फिर्याद होत असे, त्याच शब्दावर त्यांनीं उलट फिर्याद केली, आणि आजवर न्यायासनावर बसलेल्या पुरुषाला प्रतिवादी म्हणून खालीं उभें केलें.

उलटतपासणीची रीतही पाहण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथकारांनीं स्त्रीला संशयाचा भोंवरा, कपटाचें घर, अविनयाचें माहेर अशीं जीं दूषणें दिलीं, तीं एकेक घेऊन बाई विचारतात, कीं हीं पुरुषाच्या अंगीं नाहींत काय? पुराणांतील देवांचे व ऋषींचे दाखले त्या काढतात. तत्कालीन नाटक-कादंबऱ्या, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’, यांतील स्त्रीचित्रांची त्या झडती घेतात. बायको वारतांच दुसरी आणणारा पुरुष, आणि नवरा वारतांच केशवपनापासून अपशकुनापर्यंत सर्व विटंबना सोसणारी स्त्री, यांस त्या शेजारीं शेजारीं उभे करतात. पति हा देव मानावा, तर त्यानें देवासारखें वागूं नये काय, असा त्यांचा सवाल आहे. आणि सर्वांत मर्मभेदक प्रश्न मूळ खटल्याचाच : मूल मारणारी आई कठड्यांत उभी आहे, पण त्या मुलाला बाप होता कीं नाहीं? असल्यास तो कोठें आहे? कायद्याच्या, रूढीच्या व वर्तमानपत्राच्या, तिन्ही दरबारांत त्याचा पुकाराच होत नाहीं, हें बाईंनीं दाखवून दिलें.

सुधारकांसही त्यांनीं मोकळें सोडलेलें नाहीं. सभा भरवावी, व्याख्यान झोडावें, टाळ्या घ्याव्या व घरीं यावें, या सुधारणेची त्यांनीं यथेच्छ टवाळी केली आहे. पुनर्विवाहाच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ, पण घरांतल्या विधवेचा पुनर्विवाह करणारे किती, हा प्रश्न त्या काळच्या पुण्यास व मुंबईस झोंबणारा होता, यांत शंका नाहीं.

याच १८८२ सालीं पुण्यास पंडिता रमाबाईंनीं आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. दोन्ही पुस्तकें एकाच वर्षाचीं, दोन्ही स्त्रियांनीं लिहिलेलीं. पण दिशा किती भिन्न! रमाबाईंचें पुस्तक स्त्रियांस उद्देशून होतें. स्त्रीनें विद्या मिळवावी, उद्योगी व्हावें, आपली उन्नति आपण करावी, असा त्यांचा उपदेश. ताराबाईंचें पुस्तक पुरुषांस उद्देशून आहे, व तें उपदेश करीत नाहीं, जाब विचारतें. एकीला मान मिळाला, दुसरीला मौन मिळालें. विचार करूं जातां याचें आश्चर्य वाटत नाहीं. तूं सुधार असें दुसऱ्यास सांगणारें पुस्तक आपण आनंदानें वाचतों; आपलेंच तोंड दाखविणारा आरसा मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवितों.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. विजयालक्ष्मी ब्राह्मण, तिची कैवारी मराठा. एक गुजराथची, दुसरी वऱ्हाडची. दोघींची भेट झाली असण्याचा संभवही नाहीं. सक्तीचें वैधव्य हें एका जातीचें दुखणें आहे, त्याच्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें म्हणून ताराबाईंना स्वस्थ बसतां आलें असतें. पण वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींच्या या रूढी इतरांतही प्रतिष्ठेचें लक्षण म्हणून पसरत आहेत, हें त्यांनीं ओळखलें. मराठ्यांच्या घरचा पडदा तर त्यांच्या नित्य अनुभवाचा. जातीचें कुंपण ओलांडून केवळ स्त्री म्हणून स्त्रीची बाजू घेणें, हें त्या काळीं सोपें नव्हतें; आजही तें सर्वांस साधतें असें नाहीं.

पुस्तकाच्या उणीवा झांकण्याचें कारण नाहीं. त्यांचा सूर एकांगी व जहाल आहे; विवेचनांत क्रम थोडा, उसळी फार. पातिव्रत्याच्या कल्पनेस त्यांनीं मुळापासून हात घातलेला नाहीं. तें व्रत दोघांनीं पाळावें, इतकेंच त्यांचें मागणें. इंग्रजी राज्याविषयीं त्यांची श्रद्धा आज भाबडी वाटेल. त्यांची भाषा माजघरांतली, म्हणी, टोमणे व शिव्याशाप यांनीं भरलेली आहे. शास्त्रीबोवांच्या गद्यावर वाढलेल्या वाचकास ती गांवढळ वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु ज्या स्त्रीला शाळा, सभा व वृत्तपत्र हीं तिन्ही बंद, तिनें आपली फिर्याद दुसऱ्या कोणत्या भाषेंत लिहावी? आमच्या समजुतीनें ही भाषा त्या पुस्तकाचा दोष नसून पुरावा आहे.

पुस्तकाचें स्वागत कसें झालें? १८८५ सालीं जोतीरावांनीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेतली व त्यांना हिणविणाऱ्या आपल्याच चळवळींतील मंडळींची कानउघाडणी केली. त्यानंतर सर्वत्र सामसूम. बाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ सालीं निघाला, संमतिवयाचा वाद १८९१ पर्यंत गाजला, पण बुलढाण्याच्या या लेखिकेची आठवण कोणास झाली नाहीं. अखेर १९७५ सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं हें पुस्तक पुन्हां प्रकाशांत आणलें, व १९९४ सालीं रोझलिंड ओहॅन्लन या विदुषीच्या इंग्रजी भाषांतरानें तें जगभर गेलें. मधलीं ९३ वर्षें त्यावर ना बंदी होती, ना जप्ती. सरकारनें तें दडपलें नाहीं. तें विसरलें गेलें, आणि विसरणारे आम्ही, म्हणजे वाङ्मयाचे इतिहास लिहिणारे, शिकविणारे व वाचणारे होतों. याच जिल्ह्यांतील चिखलीच्या पंढरीनाथ पाटील यांनीं १९२७ सालीं जोतीरावांचें पहिलें मराठी चरित्र लिहून एक मोठें ऋण फेडलें. ताराबाईंचें ऋण मात्र आणखी जवळजवळ अर्धें शतक तसेंच राहिलें.

आतां त्यांच्या मागणीचें काय झालें तें पाहावें. एका बायकोवर दुसरी करण्यास हिंदु पुरुषास बंदी झाली ती १९५५ च्या कायद्यानें, म्हणजे पुस्तकानंतर ७३ वर्षांनीं. वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा वांटा मिळाला तो २००५ सालच्या दुरुस्तीनें. आणि मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें, नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांस तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें. १८८२ पासून २०२२ पर्यंत १४० वर्षें होतात. ज्या चालीवर ताराबाईंनीं लेखणी उगारली, ती बंद करण्यास इतक्या वर्षांनीं ठराव करावा लागतो, यावरून त्यांचें पुस्तक जुनें झालें कीं नाहीं, हें वाचकांनींच ठरवावें.

कायद्यानें माप एक केलें आहे. घरांतलें माप अजून दोन आहेत. आपल्या घरच्या मंगलकार्यांत हळदीकुंकवाचें तबक फिरतांना तें कोणापाशीं थांबतें व कोणाला वगळून पुढें जातें, हें पाहण्यास सभेला जावें लागत नाहीं. तबक आपल्याच घरचें असतें, आणि तें फिरविणारा हातही आपल्याच माणसाचा. बुलढाण्याच्या एका बाईनें त्या हाताला थांबवून प्रश्न विचारला होता. त्याचें उत्तर पुढच्या कार्याच्या दिवशीं, निमंत्रणें लिहितांनाच, प्रत्येक घरानें द्यावयाचें आहे.