बंदुकीच्या नळीतील मद्य : बऱ्हाणपूरच्या इतिहासातील एक धडा



सिंधीपुऱ्यात राहणाऱ्याला आपल्या शहराचा इतिहास निराळा सांगावा लागत नाही. मुमताजमहल 1631 साली येथेच निवर्तली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु तिच्या आधी सव्वीस वर्षे, 1605 मध्ये, याच शहरात आणखी एक मोगल मृत्यू घडला. त्याची कथा कमी सांगितली जाते आणि माझ्या मते तिचा बोध आजच्या काळाला अधिक लागू आहे.

अकबराने 1601 च्या आरंभी असीरगड घेतला आणि खानदेशाचा कारभार धाकटा पुत्र दानियाल याजकडे सोपविला. त्याच्या नावावरून या प्रांतास काही काळ ‘दानदेश’ म्हणत. दानियाल मद्याच्या आहारी गेलेला होता. थोरला भाऊ मुराद 1599 साली दक्षिणेतच अतिमद्यपानाने गेला होता. त्यामुळे पित्याची चिंता साहजिक होती. अकबराने कडक फर्माने धाडली. दानियालचे सासरे अब्दुर्रहीम खानखाना यांनी पहारे बसविले आणि मद्य आत येण्याच्या वाटा बंद केल्या.

पुढे काय घडले ते जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. दानियालने एका विश्वासू बंदूकधाऱ्यास गळ घातली. त्याने शहाजाद्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला कडक अर्क भरून आणला. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्या अर्कात उतरला. ते पिऊन शहाजादा कोसळला तो पुन्हा सावरला नाही. वय अवघे बत्तीस वर्षांचे. त्या बंदुकीला त्याने स्वतःच ठेवलेल्या नावात ‘जनाजा’ हा शब्द होता, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

एवढ्या गंजाने माणूस मरतो काय, अशी शंका कोणी घेईल. अनेक वर्षांच्या मद्यपानाने त्याचे शरीर आधीच पोखरलेले असणार, हे खरेच. पण माझा मुद्दा निराळा आहे. पहाऱ्याने मद्याची इच्छा मेली नाही. केवळ मद्य येण्याची वाट बदलली, आणि नवी वाट जुनीहून घातक निघाली. पित्याचा हेतू प्रेमाचा होता. उपाय मात्र पहारेकऱ्याचा होता, वैद्याचा नव्हता.

याच कुटुंबात दुसरे उदाहरण आहे. जहांगीर स्वतः तारुण्यात दिवसाला वीस प्याले कडक अर्क घेत असे. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने ओठांशी धरावा लागे. हकीम हुमाम यांनी त्याला स्पष्ट बजावले की, असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. जहांगीराने मद्य एकदम सोडले नाही. त्याने अर्कात सौम्य मद्य मिसळले, प्रमाण क्रमाक्रमाने उतरविले आणि सात वर्षांत वीस प्याल्यांवरून सहांवर आला. तो निर्व्यसनी झाला नाही. अफूही घेत राहिला. परंतु तो 1627 पर्यंत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षे जगला. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने देखरेखीविना ते एकाएकी तोडल्यास झटके आणि भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतात, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. हकीमाचा इशारा आणि रुग्णाची सावकाश माघार, दोन्ही म्हणूनच मोलाची.

या दोन वाटा पुढेही दिसतात. 1949 च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाखेरीज अफूचे सेवन दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावयाचे ठरविले. जुन्या अफूबाजांची नोंदणी करून वैद्यकीय शिफारशीने ठराविक मात्रा देण्याची सोय ठेवली. ही हकीमाची वाट होती. 1980 च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरली आणि 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. त्यात उपचारकेंद्रांची तरतूद होती. पण सेवनासही शिक्षा असल्याने व्यसनी माणूस दवाखान्यापेक्षा आडोसा शोधू लागला. आडोशाला एकच सुई अनेकांत फिरे. मणिपुरात 1990 च्या सुमारास सुईने मादक द्रव्य घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. बंदुकीची नळी जाऊन तिच्या जागी सुई आली होती.

तेव्हा काही कार्यकर्त्यांनी निराळा प्रश्न विचारला : हा माणूस आज व्यसन सोडू शकत नसेल, तर तो उद्यापर्यंत जिवंत राहील यासाठी काय करता येईल? वापरलेली सुई घेऊन नवी देणे, जखमेवर मलमपट्टी करणे, जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली देऊन तलफ शमविणे, ही कामे त्यातून उभी राहिली. मुंबईत 1995 पासून संकल्प या संस्थेने हे काम हाती घेतले. 2007 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात त्यास शासकीय धोरणाचे स्थान मिळाले. 2014 साली मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन व्यसनाच्या ‘व्यवस्थापना’चा उल्लेख आला, 2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने अशा सेवा देणाऱ्यांस संरक्षण दिले.

सुई देणे म्हणजे व्यसनास उत्तेजन नव्हे काय, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु जगभरचा अनुभव असा की, सुया दिल्याने व्यसनी वाढले नाहीत. रोगाची लागण घटली, आणि सुईसाठी आलेला माणूस पुढे उपचारासाठीही थांबला. काम मात्र अजून फार उरले आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सुईने मादक द्रव्य घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख सांगितली.

विद्यार्थी मित्रहो, व्यसनाच्या वाटेला जाऊ नका, हे तुम्हांस गुरुजनांनी पुष्कळदा सांगितले आहे. मीही तेच सांगतो. पण उद्या तुमच्याच घरात, आळीत किंवा मागाच्या कारखान्यात कोणी त्या वाटेने गेलेला आढळला, तर त्याला कोंडून पहारा बसविण्याआधी क्षणभर थांबा. आपल्या गावी हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. अकबराजवळ फौज होती, खजिना होता, पुत्रप्रेमही होते; तरी त्याचा मुलगा वाचला नाही. तुमच्याजवळ यातले पहिले दोन नसतील. माणसाला हाताला धरून वैद्यापर्यंत नेणे मात्र तुम्हांस नक्कीच जमेल.