चोर सोडून संन्याशाला

दिवाळी जवळ आली की एक लेख कुठं ना कुठं हमखास छापून येतो. त्यात आधी चाळ असते. गॅलरीत ओळीनं लागलेले आकाशकंदील, रुमालाखाली झाकून या दारातून त्या दारात जाणारी फराळाची ताटं, दिवसभर सताड उघडी दारं. मग फ्लॅट येतो, सेफ्टी डोअर येतं आणि शेवटी मोबाइल येऊन उरलंसुरलं संपवतो. तात्पर्य असं की यंत्रानं माणसं तोडली, तेव्हा सणाचे चार दिवस तरी फोन बाजूला ठेवा. सोसायटीच्या संमेलनात प्रमुख पाहुणे हेच सांगतात, टाळ्या घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ते भाषण व्हॉट्सॲपवर फिरतं.

या मताचं खंडन करायचं तर ते आधी त्याच्या भक्कम रूपात मांडलं पाहिजे. त्याला पुरावा नाही असं नाही. १९९८ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. पिट्सबर्गमधल्या ७३ कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट देऊन त्यांतल्या १६९ जणांवर त्यांनी पहिली एक-दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. निष्कर्ष असा निघाला, की वापर जितका जास्त तितकं घरातल्यांशी बोलणं कमी, ओळखीपाळखीचा गोतावळा लहान आणि एकटेपणा थोडा अधिक. आपल्या सोसायट्यांमध्येही याला पूरक साक्ष सापडते. पूर्वी मेंटेनन्सचा चेक द्यायला ऑफिसात जावं लागे, तिथं चार माणसं भेटत. पेपरवाला बिलासाठी दारात उभा राहून दोन गोष्टी बोलायचा. आता पैसे फोनवरून जातात आणि डिलिव्हरीवाला पुडकं वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून निघून जातो. सोय झाली खरी, पण त्या सोयीनं कितीतरी लहान लहान भेटी खाल्ल्या. तेव्हा संन्यासी अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही.

पण क्राउट तिथं थांबले नाहीत. त्याच कुटुंबांकडे ते पुन्हा गेले आणि २००२ साली त्यांनी स्वतःच लिहिलं, की आधी दिसलेले दुष्परिणाम बहुतांशी विरून गेले आहेत. संगणक नुकताच विकत घेतलेल्यांचा एक नवा गटही त्यांनी तपासला. तिथं परिणाम एकंदरीत चांगले दिसले, पण सगळ्यांना सारखे नव्हे. बोलक्या, माणसांत रमणाऱ्यांना फायदा अधिक, बुजऱ्यांना कमी, काही बाबतींत उलटाच. पहिला निबंध जगभर गाजला, दुसरा अभ्यासकांपुरता राहिला. तक्रार जितकी लवकर पसरते तितकी दुरुस्ती पसरत नाही, हे आपल्याला सोसायटीच्या ग्रुपवरूनही ठाऊक आहे.

शेजाराबद्दलचा पुरावा तर आणखी थेट आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस टोरोंटोच्या उपनगरात एक नवी वसाहत उभी राहत होती. अभ्यासकांनी तिला ‘नेटव्हिल’ असं टोपणनाव दिलं. १०९ घरांपैकी ६४ घरांना वेगवान इंटरनेट आणि वसाहतीपुरती सामायिक ईमेल यादी मिळाली. बाकीच्यांची जोडणी राहून गेली. कीथ हॅम्प्टन तिथं जाऊन राहिले आणि बॅरी वेलमन यांच्यासह त्यांनी तुलना केली. जोडणी मिळालेले लोक साधारण तिप्पट शेजाऱ्यांना नावानं ओळखत होते, दुप्पट जणांशी बोलत होते, आणि त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणंही जास्त होतं. ती घरं स्वतंत्र होती, फ्लॅट नव्हते, हे मान्य. पण यंत्र आलं की शेजार मरतोच, हे विधान पाडायला एवढं उदाहरण पुरेसं आहे. बिल्डरच्या अर्धवट कामांविरुद्ध ती मंडळी एकवटली तीही त्याच यादीवरून. हे वाचून पुण्या-मुंबईच्या कुठल्याही रहिवाशाला आपलेपणा वाटेल.

मग शेजार तोडला कोणी? मोबाइल यायच्या कितीतरी आधी तो दारानं आणि जिन्यानं तोडला. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास १९५० साली पुस्तकरूपानं आला. मैत्री कोणाशी होते हे आवडीनिवडींपेक्षा दार कुठं उघडतं यावर जास्त ठरतं, असं त्यांना आढळलं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या. आता मुंबईच्या बीडीडी चाळी पाहा. १९२०च्या दशकात बांधलेल्या, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. तिथला शेजार प्रेमळ होता यात शंका नाही, पण तो आधी सक्तीचा होता. संडासच्या रांगेत तोंड चुकवता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचा संडास मिळाल्याचा आनंद चाळीवर लेख लिहिणाऱ्याला कळणार नाही, तिथं नांदलेल्या बाईला विचारावा. दार लावता यावं म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या पैसे साठवले आणि ते लागल्याचा दोष मात्र खिशातल्या फोनवर टाकला.

आणि उघड्या दारांच्या त्या काळात सगळे सुखानं नांदत होते, हेही तपासून घ्यावं लागेल. त्याच गॅलरीत हळदीकुंकवाचं बोलावणं दारोदार जात असे आणि एक दार वगळून पुढं सरकत असे. नवरा गेलेल्या बाईच्या एकटेपणाला कुठला मोबाइल कारणीभूत होता? विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ सालीही करावा लागला. माणसांच्या गर्दीत माणूस एकटा असू शकतो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. तरी रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली केलेला भेद इथं फार उपयोगी आहे. त्यांच्या मते एकटेपण दोन जातींचं. एकात गोतावळा नसतो, दुसऱ्यात एक विशिष्ट जिव्हाळ्याचा माणूस नसतो. आणि महत्त्वाचं हे, की एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

हा भेद हातात घेतला की आपल्या सणांकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. गणपती हा सोसायटीचा सण आहे. १८९३पासूनची सार्वजनिक परंपरा पाठीशी आहे. मांडव पार्किंगमध्ये पडतो, आरतीला कोणीही उभा राहू शकतो, प्रसाद हात पुढं करेल त्याला मिळतो. त्या दहा दिवसांत गोतावळ्याची उणीव बरीचशी भरून निघते. दिवाळीचा विधी मात्र उंबऱ्याच्या आतला. उटणं लावायला कोणी तरी हवं, पाडव्याला ओवाळायला नवरा हवा, भाऊबीजेला भाऊ. प्रत्येक दिवस एकेका नात्याचं नाव घेऊन येतो आणि ते माणूस नसलं की त्याची गैरहजेरी नेमकी त्या दिवशी टोचते. समोरच्या विंगच्या खिडक्यांमधल्या माळा त्यात भर घालतात. मांडवातली गर्दी इथं कामाची नाही. इथं तोच भाऊ लागतो, तोच नातू लागतो, आणि तो दूर असेल तर त्याला घरात आणण्याचं साधन एकच आहे, ज्याला बाजूला ठेवा असं पाहुणे सांगून गेले.

माझ्या परिचयातल्या एक आजी नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता मोरीच्या दाराशी पाट मांडतात आणि स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा करतात. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर न्यू जर्सीत तेव्हा आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. नातू जेवत असतो. त्याला उटण्यात रस नाही. त्याला कारीट फोडताना पाहायचं असतं. आजी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते ठेवतात, तो पलीकडून ‘आता!’ म्हणतो, आणि बी उडून फोनच्या काचेवर चिकटलं तर दोघंही हसतात. या बाईंना फोनविरहित दिवाळी सुचवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं माहात्म्य सांगणं.

इथं दुसरी बाजू सरसावून म्हणेल, की नातेवाइकांचं ठीक, पण ज्याला फोन करणारंच कोणी नाही त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरासाठी पुन्हा पुराव्याकडेच जाऊ. २०२०च्या उन्हाळ्यात, साथीच्या काळात, टेक्सासमध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका संस्थेच्या २४० लाभार्थ्यांवर मनिंदर काहलों आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. निम्म्यांना चार आठवडे नियमित फोन गेले. सुरुवातीला रोज, नंतर ज्याच्या-त्याच्या इच्छेनुसार. फोन करणारे मानसतज्ज्ञ नव्हते, सोळा तरुण होते, १७ ते २३ वर्षांचे, ऐकून कसं घ्यायचं याचं थोडं शिक्षण घेतलेले. महिन्याअखेर एकटेपणाच्या तीन ते नऊ अंकांच्या मापनात दोन गटांमध्ये सुमारे एका अंकाचा फरक पडला. नैराश्य आणि चिंताही कमी झाली. व्हिडिओ नाही, ॲप नाही, नुसता साधा फोन.

याच्याशेजारी आपला सोसायटीचा ग्रुप ठेवून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यावर तीच लुकलुकणारी पणती शे-सव्वाशे वेळा येते. मध्येच कोणी तरी विचारलेलं असतं, ‘बी विंगमध्ये कोणाकडे जास्तीची समई आहे का?’ तो प्रश्न शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली जातो. नंतर वाद होतो आणि कमिटी ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन’ची सेटिंग लावते. म्हणजे उरली फक्त नोटीस. सगळ्यांना उद्देशून केलेला संदेश कोणालाच उद्देशून नसतो. मोबाइलवर टीका करणाऱ्यांना जे खुपतं ते बहुधा हेच, आणि त्यात ते बरोबर आहेत. त्यांची चूक एवढीच, की गर्दीच्या वापराचा दोष ते साधनावर टाकतात. टेक्सासमध्येही साधन फोनच होतं. तिथं एका नावाचा माणूस दुसऱ्या नावाच्या माणसाला ठरल्या वेळी फोन करत होता.

ही व्यवस्था सोसायटीत करायला नवं ॲप विकत घ्यावं लागत नाही. दिवाळीत घरी एकटं कोण असणार, त्यांतल्या कोणाला फोन आलेला आवडेल आणि किती वाजता, अशी एक यादी लागते. ही यादी ग्रुपवर टाकू नये. ‘कोण एकटं आहे’ हे जाहीर करणं म्हणजे चोराला आमंत्रण. ज्यांना नको त्यांना वगळावं, कारण एकट्यानं आनंदात दिवाळी अंक वाचत बसणारेही आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची कीव करण्याचा कोणाला अधिकार नाही. बाहेरच्या मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

सुरक्षेचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जी फसवणूक चालते तिची रीत पाहा. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर येतो, कॉल बंद करायचा नाही आणि कोणालाही सांगायचं नाही, असं बजावतो, आणि माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस खोलीत अडकवून पैसे काढतो. हा धंदा चालतो तो बळी एकटा पडतो म्हणून. पण रोज संध्याकाळी सातला ज्याला फोन येतो आणि तो उचलला नाही तर पाचव्या मिनिटाला दाराची बेल वाजते, त्याला असं कोंडून ठेवणं अवघड आहे. बेल वाजवणाऱ्याला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पाठ असला म्हणजे झालं.

फोन करणार कोण, हा कमिटीचा नेहमीचा प्रश्न. १७ ते २३ वयाची मुलं प्रत्येक विंगमध्ये आहेत. दिवाळीत त्यांना सुट्टी असते, आणि त्यांचं डोकं सदा मोबाइलमध्ये असतं अशी लेखी तक्रारही बहुधा एखाद्या सभेच्या इतिवृत्तात सापडेल. वसुबारसेच्या आधी यादी त्यांच्याकडे द्यावी.