मोटारीचा पत्रा आणि मोटारीचे वय

मोटारगाडीचे वय कशावरून मोजावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. इंजिन झिजते, ते दुसरे बसविता येते. चाके तर बदलावीच लागतात. गाडी ओळखली जाते ती तिच्या बाह्यांगावरून, आणि नेमके तेच आधी नष्ट होते. मोटारयुगाच्या पहिल्या दशकांत बहुतेक गाड्यांचे अंग लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा ठोकून केलेले असे. लाकूड ओल धरून ठेवी आणि पत्रा आतल्या बाजूने खाल्ला जाई. बाहेरून रंग झळकत असताना दाराच्या तळाशी बोट लावावे, तर ते आरपार जावे, अशी या गाड्यांची वृद्धापकाळी गत होते.

या पत्र्याची सर्वांत चमत्कारिक कथा कॅलिफोर्नियात घडली. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी जातीच्या दीड कोटी गाड्या बांधल्या. त्या जुन्या झाल्या तेव्हा मातीमोल भावाने मिळू लागल्या, आणि खिशात पैसा नसलेल्या पण अंगात वेगाची हौस असलेल्या तरुणांच्या हाती पडल्या. १९३२ साली फोर्डने आठ नळकांड्यांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले, तेव्हा या हौसेला जोर चढला. म्युरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट पात्रात शर्यती होत. वजन कमी व्हावे म्हणून ही मंडळी मडगार्ड, पायऱ्या, बॉनेटची झाकणे काढून फेकून देत. अशा उघड्याबोडक्या, तेज केलेल्या गाडीला पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. १९३७ साली या शर्यतींना नियमात बांधणारी संस्था दक्षिण कॅलिफोर्नियात निघाली. महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांनी हा छंद देशभर नेला.

ज्यांनी पत्रा फेकला त्यांच्याच नातवंडांवर तो विकत घेण्याची पाळी आली, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. १९३२ च्या गाड्या काही अक्षय नव्हत्या. युद्धकाळात कित्येक भंगारात गेल्या, कित्येक शर्यतीत मोडल्या. मग आधी काचतंतूंची अंगे निघाली, आणि त्यानंतर पोलादी पत्र्याची. ओहायो राज्यातील ब्रुकव्हिल येथील कारखाना जुन्या फोर्डसाठी ठिगळापुरते पत्रे करता करता अखंड अंगे घडवू लागला. आज १९३२ च्या नमुन्याची गाडी त्या सालचा एकही तुकडा न वापरता उभी करता येते.

ती उभी करणे मात्र सोपे नाही. नवा पत्रा साच्यातून सरळ आलेला असतो, आणि जुनी चासी कित्येक वर्षे खड्डे खाऊन किंचित पिळलेली असते. म्हणून जाणता कारागीर पत्रा लगेच जोडत नाही. इंजिनाचे वजन ठेवून, गाडी चाकांवर उभी करून, आधी अंग नुसते बसवून पाहतो. कारण भार पडला की चासी वाकते आणि दाराच्या फटी बदलतात. चासी व अंग यांच्यामध्ये पातळ पट्ट्या सारून तो एक कोपरा उचलतो, दुसरा खाली घेतो. दार वरून खालपर्यंत सारख्या फटीने मिटले, तर मग ठिपक्याठिपक्याने वेल्डिंग. एका जागी सलग आच दिली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि सगळे श्रम पाण्यात जातात.

ही विद्या महाराष्ट्राला परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर चालणारे मठारकाम आणि मडगार्डाचा पोचा काढणाऱ्याचे काम ही एकाच कुळातील आहेत: एका हाताने खालून आधार, दुसऱ्याने वरून मोजका ठोका. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. फोर्डचीही जुळवणी शहरात होत असे. स्वतंत्र भारताने देशातच पूर्ण मोटार बनविण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९५० नंतरच्या काही वर्षांतच या दोन्ही कंपन्यांनी काम आटोपले. आयात आवळली गेली, गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांचे मडगार्ड अमेरिकेतून येणार नव्हते. ते चोर बाजारात शोधावे, नाहीतर पत्र्यातून हाताने घडवून घ्यावे, एवढेच मार्ग उरले. कॅलिफोर्नियातील कारागिराने जे हौसेने केले ते मुंबईच्या कारागिराने गरजेने केले. त्याच्या कामाची कोणी दप्तरी नोंद ठेवली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता या पत्र्यावर कायद्याची दृष्टी पडली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण तिची चासी, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मुळातच मना करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते ठामपणे सांगितले. तेव्हा अमेरिकन अर्थाने हॉट रॉड भारतीय रस्त्यावर आणणे जवळजवळ अशक्यच. त्यात फारसे वाईट वाटण्याजोगे नाही. पण कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा नवा पत्रा प्रामाणिकपणे बसविणारा आणि गाडीचे रूपच पालटणारा, या दोघांतील भेद कायद्याच्या मोघम शब्दांतून नीट उमटत नाही. संस्थानिकांच्या गाड्यांचे उदाहरण घ्यावे. रोल्स-रॉइस कंपनी नुसती चासी विकत असे आणि अंग दुसराच कारखाना ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे चढवी. मालकाची आवड बदलली की तेही कधी उतरविले जाई. अशा गाडीचे ‘मूळ’ अंग कोणते?

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरिन सनदेत यावर एक व्यवहार्य तोड आहे. नवा भाग बसवावा, परंतु त्यावर सहज नजरेत न येणारी पण शोधल्यास सापडणारी कायमची खूण करावी. दाराच्या आतल्या कडेला छिन्नीने कोरलेला सालाचा आकडाही त्याला पुरेल.